परवान्याची मुदत संपते तेव्हा

(रस्ते व बांधकाम क्षेत्रातील कामगार, मुकादम आणि छोटे ठेकेदार यांच्या एकत्रित बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



कामगारांची बैठक एरवी वेगळी होते आणि ठेकेदारांची वेगळी. दोन्हीकडे मी गेलो आहे. कामगारांच्या बैठकीत ठेकेदारांविषयी बोलले जाते, ठेकेदारांच्या बैठकीत सरकारी कार्यालयांविषयी. आज दोघे एका छताखाली बसलात, त्याबद्दल आयोजकांचे आभार.

आपल्या वस्त्यांतली माणसे कोणकोणती कामे करतात ते पाहा. कोणी गवंडी आहे, कोणी सेंटरिंग करतो, कोणी सळई बांधतो, कोणी फरशी बसवतो, कोणी रंगकाम करतो, कोणी डांबराच्या टोळीत आहे. यांतलाच एखादा दहा-बारा वर्षांनी मुकादम होतो. मुकादमांतला एखादा धाडस करून पोटठेका घेतो. म्हणजे इथे दोन वेगळे गट बसलेले नाहीत. एकाच शिडीच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर उभी असलेली माणसे बसली आहेत. म्हणूनच आजचा विषय सगळ्यांचा आहे.

विषय आहे मुदत संपलेल्या परवान्यांचा. ऐकायला अगदी कोरडा. ठेकेदाराचा परवाना संपला, त्याने नूतनीकरण केले नाही, यात आमचा काय संबंध, असे कामगाराला वाटते. ठेकेदाराला वाटते, कागद आहे, पुढच्या महिन्यात करू. मला आज एवढेच सांगायचे आहे की परवाना ठेकेदाराचा संपतो, पण त्याची किंमत शिडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवरचा माणूस देतो. आणि ही किंमत थांबवायची असेल, तर परवान्याची तारीख कपाटातून बाहेर काढून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आणावी लागेल.

कोणता परवाना?

पहिला गोंधळ इथेच आहे. "माझ्याकडे लायसन्स आहे," असे ठेकेदार म्हणतो तेव्हा तो कशाबद्दल बोलतो?

एक असते ठेकेदार म्हणून नोंदणी. सार्वजनिक बांधकाम विभाग, महापालिका, जिल्हा परिषद यांच्याकडे वर्गवारीप्रमाणे ही नोंदणी होते. कोणत्या वर्गाच्या ठेकेदाराने किती रकमेपर्यंतचे काम घ्यायचे, ते त्यावर ठरते. ही नोंदणी ठरावीक मुदतीची असते.

दुसरा असतो कामगार परवाना, ज्याला साइटवर 'लेबर लायसन्स' म्हणतात. कंत्राटी कामगार अधिनियम १९७० मध्ये आला, त्याच्या कलम १२ प्रमाणे हा परवाना घ्यावा लागत असे. केंद्रीय नियमांत त्याची मुदत १२ महिन्यांची होती आणि मुदत संपण्याच्या किमान ३० दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज करायचा होता. वेळेत अर्ज केला, तर नवा परवाना हातात पडेपर्यंत जुना चालू आहे असे मानले जाई. ही सवलत फार थोड्या ठेकेदारांना माहीत होती.

तिसरी होती बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्याखाली आस्थापनेची नोंदणी. दहा किंवा अधिक बांधकाम कामगार असले की ती लागत असे.

त्यानंतर भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, जीएसटीची नोंदणी आणि अपघात भरपाईची विमा पॉलिसी. पॉलिसी परवाना नाही, हे मला मान्य आहे. पण तिलाही मुदत असते आणि ती संपलेली असल्याचे बहुतेक वेळा अपघात झाल्यावरच कळते.

आता हिशेब करा. पाच-सहा कागद, प्रत्येकाचे कार्यालय वेगळे, प्रत्येकाची तारीख वेगळी. एक कागद जिवंत आहे म्हणून बाकीचे जिवंत आहेत असे होत नाही. जीएसटीचा क्रमांक चालू असतो, कारण त्याशिवाय बिल निघत नाही. लेबर लायसन्स मेलेले असते, कारण त्यावाचून कोणाचे काही अडत नाही. ज्या कागदावर पैसे अडतात तो कागद जिवंत राहतो. ज्या कागदावर माणूस अवलंबून असतो तो मरतो.

परवाने का मरतात?

सगळेच ठेकेदार लबाड असतात म्हणून परवाने मरतात, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे सोपे आहे, पण खरे नाही.

छोट्या ठेकेदाराचे वर्ष कसे असते? पावसाळ्यात रस्त्याची कामे बंद. दिवाळीनंतर कामाला जोर येतो. मार्च आला की बिलांसाठी धावपळ. बिल मात्र मार्चमध्ये निघेलच असे नाही. पुढच्या अंदाजपत्रकावर जाते, कधी त्याच्याही पुढे. मशीनचे भाडे, डिझेल, खडी, मजुरांची उचल, हे सगळे त्याने खिशातून किंवा व्याजाने घातलेले असते. नूतनीकरणाची फी मोठी नसते, अनामत थोडी जड असते, आणि एजंटचा दर सगळ्यात जड. हातात काम नसताना माणूस म्हणतो, काम लागले की करू. काम लागल्यावर म्हणतो, आता वेळ नाही.

जुन्या पद्धतीत आणखी एक अडचण होती. लेबर लायसन्स ठेकेदाराला एकदाच मिळत नसे. ते त्या कामाशी, त्या मुख्य मालकाशी बांधलेले असे. चार ठिकाणी कामे असतील तर चार परवाने, चार तारखा. कारकून ठेवण्याची ऐपत असलेल्या मोठ्या कंपनीला हे जमते. मोबाइलमध्ये हजेरी लिहिणाऱ्या पोटठेकेदाराला जमत नाही.

पण सगळ्यात मोठे कारण मला वेगळेच वाटते. परवाना दारात तपासला जातो, आत गेल्यावर कोणी विचारत नाही. निविदा भरताना सगळी प्रमाणपत्रे अपलोड करावी लागतात, एक कागद कमी असला तरी निविदा बाद होते. म्हणजे त्या दिवशी सगळे कागद जिवंत असतात. कार्यारंभ आदेश मिळाला, काम सुरू झाले, मुदतवाढ मिळाली, अठरा महिन्यांचे काम तीस महिने चालले. या काळात निविदेसोबत जोडलेल्या कागदांपैकी किती संपले, हे विचारण्याची सवय कोणालाच नाही. अभियंता मोजमाप पुस्तिका बघतो, लेखा शाखा कपाती बघते. तारखा कोणीच बघत नाही.

किंमत कोण देतो?

पहिल्यांदा कामगार देतो.

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करायची असेल, तर मागच्या १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. ते ठेकेदाराने द्यायचे असते. ग्रामसेवक किंवा महापालिका-नगरपालिकेचा अधिकारीही देऊ शकतो. ज्या ठेकेदाराची स्वतःची नोंदणी संपलेली आहे, तो शिक्का मारून सही करेल का? नाही करणार. सही केली की त्याचीच चोरी उघडी पडते. मग तो म्हणतो, "तुझी हजेरी माझ्याकडे नाही, मुकादमाकडे आहे." मुकादम म्हणतो, "मी कोण सही देणारा?" आणि तीनशे दिवस उन्हात राबलेला माणूस ९० दिवसांच्या दाखल्यासाठी नाक्यावरच्या एजंटकडे जातो.

यातली विसंगती बघा. सरकारी कामाच्या बिलातून एक टक्का उपकर कापला जातो. तो कधी चुकत नाही. तो उपकर याच माणसाच्या कल्याणासाठी आहे. म्हणजे त्याच्या घामावर कापलेला पैसा मंडळात पोहोचतो आणि तो माणूस मंडळाच्या दारातून परत येतो. देशभर जमा झालेला हा पैसा कामगारांपर्यंत पोहोचत नाही, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ च्या निकालात सरकारांना कडक शब्दांत सुनावले होते. २०२० च्या टाळेबंदीत राज्य सरकारने नोंदणीकृत बांधकाम कामगारांच्या खात्यात २,००० रुपये टाकले, तेव्हा ज्यांची नोंदणी नव्हती ते त्याच साइटवरचे, त्याच टोळीतले लोक हात हलवत राहिले.

आणि अपघात? २९ जून २०१९ च्या रात्री पुण्यात कोंढव्यात सोसायटीची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली. १५ माणसे गेली, त्यांत लहान मुले होती. बहुतेक बिहारहून आलेली कुटुंबे. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर उचलणारे यंत्र कोसळले. २० जणांचा जीव गेला, आणि गुन्हा नोंदवला गेला तो पोटठेकेदारांवर. या दुर्घटनांत कोणाचे कागद संपले होते, असे मी सुचवत नाही. मी एवढेच म्हणतो की अशा प्रत्येक सकाळी पहिला प्रश्न एकच असतो: ही माणसे कोणाची? कोणाच्या मस्टरवर? परवाना चालू असेल तर या प्रश्नाला कागदावर उत्तर असते. परवाना मेलेला असेल तर प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो, आणि प्रेतासोबत आलेला भाऊ गावाकडे जायच्या गाडीची व्यवस्था करण्यात हरवून जातो.

भरपाई ही काही किरकोळ रक्कम नाही. १९२३ च्या कायद्याचा हिशेब सांगतो. ३० वर्षांचा कामगार, महिन्याची मजुरी १५,००० रुपये धरली. मृत्यूनंतरची भरपाई म्हणजे मजुरीच्या निम्मी रक्कम गुणिले वयानुसार ठरलेला आकडा, जो ३० व्या वर्षी २०७.९८ आहे. म्हणजे साडेपंधरा लाखांहून जास्त. याच कायद्याच्या कलम १२ प्रमाणे ठेकेदाराने दिली नाही तरी मुख्य मालकाला ती द्यावी लागत असे, आणि त्याने ती पुढे ठेकेदाराकडून वसूल करायची असे. हे तत्त्व नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. तरीही आपल्या वस्तीत पन्नास हजार, एक लाख घेऊन समजुतीच्या कागदावर अंगठे उमटतात. कारण घरच्यांना कोणी सांगितलेलेच नसते की ठेकेदार पळाला तरी हक्क पळत नाही.

दुसऱ्यांदा किंमत देतो तो छोटा ठेकेदार स्वतः.

जुलै २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या एका तरुण ठेकेदाराने आत्महत्या केली. जलजीवन मिशनच्या कामाचे मोठे बिल थकल्याचे घरच्यांनी सांगितले. सरकारकडून सांगण्यात आले की त्याच्या नावावर बिलच नाही, तो पोटठेकेदार असावा. त्या प्रकरणाचा निवाडा करायला मी इथे उभा नाही. पण "तुमचे नाव आमच्याकडे नाही" हे वाक्य इथे बसलेल्या प्रत्येक पोटठेकेदाराने मनात ठेवावे. ज्याचे नाव कागदावर नाही, ज्याचा परवाना संपला आहे, त्याला वरचा ठेकेदार पैसे द्यायचे नसतील तेव्हा तोच कागद दाखवतो. काम चालू असताना तुमचा संपलेला परवाना त्याला चालतो, कारण त्यामुळे तुम्ही दबलेले राहता. बिलाच्या दिवशी मात्र त्याला नियम आठवतात. नूतनीकरण हा दंड आहे असे समजू नका. तुमचे पैसे मागायला तुम्हाला ज्या जमिनीवर उभे राहायचे आहे, ती जमीन आहे ती.

तिसऱ्यांदा किंमत देतो रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस. रस्त्याला दोष दायित्व कालावधी असतो. त्या काळात रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. ठेकेदाराची नोंदणी संपली, फर्म बंद झाली, नवी फर्म भावाच्या नावाने उघडली, तरी जुन्या करारातली ही जबाबदारी संपत नाही. त्याची अनामत रक्कम त्यासाठीच कार्यालयाकडे असते. पण ती अनामत गुपचूप परत दिली गेली, तर खड्डा तुमचा आणि खर्चही तुमचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, आणि ही रक्कम जबाबदार अधिकारी व ठेकेदारांकडून वसूल करावी असे म्हटले. वसूल करायची तर ठेकेदार सापडला पाहिजे. तो सापडण्याचा पहिला धागा म्हणजे त्याची नोंदणी.

कायदा बदलला, त्याचा अर्थ काय?

जुन्या १९७० च्या कायद्यात परवान्याशिवाय काम केले तर शिक्षा होती तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एक हजार रुपये म्हणजे डिझेलचा एक छोटा कॅन. कामगार संघटनांचे म्हणणे होते की परवाना नसलेल्या ठेकेदाराचे कामगार मुख्य मालकाचे कामगार मानले जावेत. दीनानाथ विरुद्ध नॅशनल फर्टिलायझर्स या खटल्यात १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की या कायद्यात तशी तरतूद नाही, परवाना नसल्याबद्दल फक्त शिक्षा होऊ शकते. म्हणजे तीसेक वर्षे मेलेल्या परवान्याचा अर्थ होता एक हजार रुपये, तेही पकडले गेल्यास.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. या संहितांवर माझे अनेक आक्षेप आहेत. ते आज मांडत नाही. आजच्या विषयापुरत्या चार गोष्टी सांगतो.

एक, व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयीच्या संहितेत ठेकेदाराच्या परवान्याची मुदत पाच वर्षांची केली आहे. दरवर्षीच्या धावपळीचे कारण आता कमी होते, आणि तेवढीच सबबही.

दोन, ५० किंवा अधिक कंत्राटी कामगार असतील तरच परवाना लागतो. महाराष्ट्रात ही मर्यादा पूर्वी २० होती, राज्याने ती आधीच ५० केली होती. म्हणजे आपल्यातले बहुसंख्य छोटे ठेकेदार आणि त्यांचे कामगार या परवान्याच्या कक्षेबाहेर आहेत. ४९-४९ च्या तीन टोळ्या करून काम वाटले जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तीन, कलम ५४. ज्या ठेकेदाराला परवाना घेणे बंधनकारक आहे पण ज्याने तो घेतलेला नाही, त्याच्यामार्फत मुख्य मालकाने कामगार लावले, तर ते कामगार मुख्य मालकाचेच मानले जातील. १९९१ च्या निकालात जी तरतूद नव्हती, ती आता कायद्यात आली आहे. संपलेला परवाना म्हणजे नसलेला परवाना, असा अर्थ आपण लावू. मालकांचे वकील वेगळा अर्थ लावतील, आणि कोर्टात त्याचा कस लागेल. पण हा दावा उभा करायचा तर कामगाराच्या हातात एक माहिती हवी: परवाना कोणत्या तारखेला संपला आणि त्या तारखेनंतर आपण तिथे काम करत होतो.

चार, कलम ५५. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते. हे जुन्या कायद्यातही होते. महापालिका, बांधकाम विभाग, बिल्डर, कोणीही असो, "आमचा तुमच्याशी संबंध नाही" हे उत्तर कायद्याला मान्य नाही.

आपण काय करायचे?

पहिले काम कामगारांचे. साइटवरच्या फलकाचा फोटो काढा. कामाचे नाव, ठेकेदाराचे नाव, रक्कम, कालावधी त्यावर असतो. स्वतःची हजेरी स्वतः लिहा. साधी वही चालेल: तारीख, ठिकाण, मुकादमाचे नाव, मिळालेली उचल. मजुरी फोनवर आली तर तो संदेश पुसू नका. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी वस्तीतल्या मुला-मुलींनी रविवारी तासभर द्यावा. दहावी-बारावीची मुले हे काम आरामात करतील. ९० दिवसांचा दाखला ठेकेदार देत नसेल तर ग्रामसेवकाकडे किंवा महापालिकेच्या कार्यालयात ही वही घेऊन जा. एजंटकडे जाऊ नका.

दुसरे काम ठेकेदार बंधूंचे. आपल्या सगळ्या कागदांच्या शेवटच्या तारखा एका पानावर लिहा आणि ते पान कार्यालयात नव्हे, घरात भिंतीवर लावा. मुलांना वाचता येते, ती आठवण करतील. प्रत्येकाने वेगळा एजंट गाठण्यापेक्षा आठ-दहा जणांनी मिळून एक जाणकार मुलगा किंवा मुलगी महिन्याच्या पगारावर ठेवा. आपल्या समाजात वाणिज्य शाखेची पदवी घेऊन घरी बसलेल्या मुली कितीतरी आहेत. एजंटला जे देता त्याहून कमी पैशांत हे काम होईल आणि एका घरात पगार जाईल. वरच्या ठेकेदाराकडून पोटठेका घेताना लेखी घ्या. एका पानाचा कागद असला तरी चालेल, पण नाव, काम, दर आणि तारीख त्यावर असू द्या.

तिसरे काम नागरिकांचे. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. दहा रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर. महाराष्ट्रात अर्ज एका विषयावर आणि साधारण १५० शब्दांत असावा असा नियम आहे, म्हणून लांबलचक तक्रार लिहू नका. नेमके विचारा. या कामाच्या ठेकेदाराची नोंदणी, कामगार परवाना आणि विमा पॉलिसी यांच्या मुदतीच्या तारखा द्या. या कामाचा दोष दायित्व कालावधी कधी संपतो ते सांगा. अनामत परत केली आहे का, केली असल्यास कोणत्या तारखेला. बस, एवढेच. या कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. तो फार कमी लोक वापरतात.

चौथी मागणी सरकारी कार्यालयांकडे, आणि ती आपण एकत्र करू. चालू बिल काढताना जशी कपातीची यादी जोडली जाते, तशी मुदतींची यादी जोडली जावी. एकही कागद संपलेला असेल तर ठेकेदाराला ठरावीक दिवसांची नोटीस द्यावी. त्या काळात कामगारांची मजुरी मात्र रोखू नये, ती थेट त्यांच्या खात्यात द्यावी. आणि कामाच्या फलकावर एक ओळ वाढवावी: कामगार परवाना, वैध दिनांक अमुकपर्यंत. यासाठी नवा कायदा लागत नाही. एक परिपत्रक पुरे.

मला माहीत आहे, मागून प्रश्न येणार आहे. कामगार विचारेल, "तारीख विचारली तर उद्या कामावर घेतील का?" ही भीती खोटी नाही. एकट्याने विचारले तर घेणार नाहीत. म्हणून एकट्याने विचारू नका. अर्ज त्या साइटवर काम न करणाऱ्या नागरिकाने करावा, शिक्षकाने, दुकानदाराने, निवृत्त माणसाने. आपल्या संघटनेचे काम तिथेच आहे.

ठेकेदार विचारेल, "मोठ्यांना कोणी विचारत नाही, आम्हालाच का?" प्रश्न रास्त आहे. म्हणूनच मागणी फलकाची आहे. फलक छोट्या कामावर लागेल तसा उड्डाणपुलावरही लागेल. अधिकाऱ्याच्या मर्जीवर चालणारी तपासणी छोट्यालाच पकडते. भिंतीवर लिहिलेली तारीख सगळ्यांची सारखीच दिसते.

आज इथून जाताना दाराजवळ एक रजिस्टर ठेवले आहे. कामगारांनी त्यात साइटचे ठिकाण आणि ठेकेदाराचे नाव लिहावे, स्वतःचे नाव लिहायची गरज नाही. ठेकेदारांनी आपल्या परवान्यांच्या शेवटच्या तारखा लिहाव्यात. ज्यांच्या तारखा उलटून गेल्या आहेत त्यांनीही लिहाव्यात. त्या तारखा आम्ही कोणाकडे देणार नाही, नूतनीकरणाच्या अर्जाला मदत करणार आहोत. पहिले दहा माहितीचे अर्ज याच रजिस्टरवरून येत्या पंधरा दिवसांत जातील. अर्ज लिहायला बसणारे चार हात हवे आहेत. कोण बसणार ते चहा घेताना सांगा.